बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरवर काय काय हलेल?

“गाडीच्या चाकात हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घरात आहे. खोक्यावर १५० पीएसआय लिहिलंय. त्यावर न्यूमॅटिक सिलिंडर चालेल का?” डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणारी मुले हे विचारतात. गणपतीत हलता देखावा उभा करणारे कार्यकर्ते विचारतात. निवृत्तीनंतर घराच्या गॅलरीत काहीतरी घडवत बसणारे फिटरही विचारतात. उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र त्या होकाराला एक अट आहे आणि ती खोक्यावरच्या १५० या आकड्यात कुठेच दिसत नाही. हे प्रकरण त्या अटीबद्दल आहे.

पनवेलकरांना दाबलेल्या हवेची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. मुंबई-गोवा महामार्ग पळस्पे फाट्यावरून सुटतो, पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो आणि या दोन्ही वाटांवरच्या ट्रकांना हवा भरून देणारी पंक्चरची दुकाने रस्त्याच्या कडेने उभी आहेत. एसटी फलाटाला लावून चालक पार्किंग ब्रेक ओढतो तेव्हा जो ‘फुस्स’ आवाज येतो, तोही ब्रेकमधून सुटलेल्या हवेचा. हीच हवा घरच्या टेबलावर कामाला कशी लावायची, ते आता क्रमाने पाहू.

१. मोटर असताना हवा कशाला?

एखादी वस्तू पुढे-मागे हलवायची तर विजेची मोटर आहेच. तरीही माणसाने हवेकडे का वळावे, हे समजायला दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन डोंगरांकडे पाहावे लागेल.

बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली घाट गाड्यांसाठी खुला झाला. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. सुरुंगाची भोके मजुरांनी हातांनी, घणाचे घाव घालून पाडली. त्याच काळात, १८५७ साली, फ्रान्स आणि इटली यांच्यामध्ये आल्प्स पर्वतात फ्रेज्युस बोगद्याचे काम सुरू झाले. तिथे वाफेचे इंजिन आत नेणे शक्य नव्हते. धुराने माणसे गुदमरली असती. म्हणून १८६१ पासून बाहेर दाबलेली हवा नळांतून आत नेऊन तिच्यावर ड्रिल चालवली. वापरून झालेली हवा बोगद्यातच सुटायची आणि कामगारांना श्वासही मिळायचा. तो बोगदा १८७१ साली खुला झाला. महाराष्ट्रात आज विहीर खोदताना ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो आणि खडकात भोके मारतो, ते याच तंत्राचे पुढचे रूप.

या उदाहरणात हवेचे मुख्य गुण आले. ताकद एका जागी तयार करता येते आणि बारीक नळीतून दुसरीकडे नेता येते. कामाच्या जागी असलेला सिलिंडर, म्हणजे हवेच्या दाबाने दट्ट्या आणि त्याचा दांडा सरकवणारी नळी, हलका आणि साधा राहतो. आणखी एक गुण हौशी माणसाच्या फार उपयोगाचा आहे: सिलिंडर मध्येच अडला तर तो नुसता दाब धरून थांबतो. मोटर अडली तर तिच्यातून जास्त करंट वाहतो आणि ती जळू शकते.

ट्रकच्या ब्रेककडून एक शहाणपणही घेण्यासारखे आहे. अवजड गाड्यांच्या पार्किंग ब्रेकमध्ये ब्रेक लावण्याचे काम दणकट स्प्रिंग करते आणि हवा तिला मागे दाबून ब्रेक मोकळा ठेवते. हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. आपल्या प्रकल्पाची रचना करतानाही पहिला प्रश्न हाच विचारावा: ऐन वेळी हवा गेली तर हलणारा भाग कुठे जाईल? तो सुरक्षित जागीच गेला पाहिजे.

२. काटा शून्यावर असतानाही दाब असतोच

हवेचा दाब मोजायची दोन मापे बाजारात चालतात. पंक्चरवाला पीएसआयमध्ये बोलतो, कारखान्यातला फिटर बारमध्ये किंवा ‘किलो’मध्ये. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. तोच १ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक किलोचा जोर. हिशेबाला हे दुसरे रूप सोयीचे, म्हणून पुढे आपण बारच वापरू. कारच्या चाकातले ३२ पीएसआय म्हणजे साधारण २.२ बार.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आपल्याभोवती वातावरणाचा सुमारे १ बार दाब आधीपासूनच आहे. गेजचा काटा त्याच्या वरचा दाब दाखवतो. काटा ५ वर असेल तेव्हा आतला खरा दाब ६ बार असतो. जोर काढताना काट्यावरचा आकडा घ्यायचा, किती हवा खर्च होईल ते काढताना खरा दाब घ्यायचा. बहुतेक हौशी हिशेब इथेच चुकतात.

खर्चाच्या हिशेबाचा पाया रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडला. तापमान तेच असेल तर हवेचा दाब दुप्पट केल्यावर तिचे आकारमान निम्मे होते. म्हणजेच १० लिटरच्या टाकीत काटा ७ बारवर असेल तर बाहेरची ८० लिटर हवा त्यात कोंबलेली आहे. त्यातली १० लिटर टाकी ‘रिकामी’ असतानाही आत होतीच. पंपाने भरली ती ७० लिटर.

३. दाब वेगळा, हवेचा पुरवठा वेगळा

इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि तळाला छोटा पंप. पंप सावकाश पाणी चढवत राहतो. सकाळी सगळ्या घरांचे नळ एकदम सुटतात तेव्हा ते पाणी टाकी देते. पंप थेट नळांना जोडला तर सगळ्यांचीच धार बारीक होईल. पंप किती उंच पाणी चढवतो आणि मिनिटाला किती लिटर देतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे सोसायटीच्या कोणत्याही सेक्रेटरीला पाठ असते.

कॉम्प्रेसरच्या बाबतीत पीएसआय म्हणजे पाणी किती उंच चढेल ते, आणि मिनिटाला किती लिटर हवा मिळते हा पुरवठा. बारा व्होल्टच्या छोट्या पंपाचा दट्ट्या अंगठ्याएवढा असतो. तो हवा पुष्कळ दाबू शकतो, पण एका फेऱ्यात थोडीच. गाडीच्या चाकाला एवढेच पुरते, कारण चाक भरायला आपण पाच मिनिटे थांबायला तयार असतो. सिलिंडर मात्र हवा झटक्यात मागतो. म्हणून पंप आणि सिलिंडर यांच्यामध्ये टाकी हवी. सुरुवातीला ज्या अटीचा उल्लेख केला ती हीच: पंपाने सावकाश साठवायचे, टाकीने झटपट द्यायचे आणि दिवसभराचा एकूण खर्च पंपाच्या आवाक्यात ठेवायचा.

४. पंपाची खरी ताकद घरी कशी मोजावी?

खोक्यावर मिनिटाला ३०-३५ लिटर असे लिहिलेले असू शकते. तो आकडा बहुधा पंपाचे तोंड उघडे असतानाचा असतो. दाब वाढेल तसा पुरवठा घटतो आणि त्याला सरळ कारण आहे. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते. त्या जागेतली दाबलेली हवा बाहेर जात नाही. दट्ट्या खाली येताना आधी ती फुगते आणि नव्या हवेची जागा अडवते. टाकीतला दाब जितका जास्त, तितकी ही अडवणूक मोठी. त्यामुळे १५० पीएसआयच्या जवळ पोहोचलेला पंप आवाज तेवढाच करतो, पण हवा जवळजवळ देतच नाही.

मोजायला एक टाकी, एक गेज आणि मोबाइलचे घड्याळ पुरते. टाकी १० लिटरची आहे असे धरू. शून्यापासून २ बारपर्यंत जायला १ मिनिट लागले तर २० लिटर हवा १ मिनिटात आत गेली. पुरवठा मिनिटाला २० लिटर. तीच टाकी ५ वरून ७ बारवर जायला २ मिनिटे लागली तर त्या पट्ट्यात पुरवठा मिनिटाला १० लिटर. आपण ज्या दाबाच्या पट्ट्यात टाकी ठेवणार आहोत, त्या पट्ट्यातला आकडा खरा मानावा आणि वहीत लिहून ठेवावा. पुढचे सगळे बेत याच आकड्यावर बेतायचे आहेत.

५. सिलिंडरचा जोर आणि त्याची भूक

न्यूमॅटिक सिलिंडर विकत घेताना दोन मापे सांगावी लागतात: आतल्या नळीचा व्यास, म्हणजे बोअर, आणि दांडा किती बाहेर येतो ती लांबी, म्हणजे स्ट्रोक. बोअरवरून जोर ठरतो. स्ट्रोक आणि बोअर मिळून हवेचा खर्च ठरतो.

२० मिमी बोअरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. काटा ३ बारवर असेल तर जोर ३.१४ गुणिले ३, म्हणजे साडेनऊ किलोच्या आत-बाहेर. ५० मिमी बोअरचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. काटा ५ बारवर असेल तर जोर ९८ किलो. बोअर अडीचपट झाला आणि दाब दुपटीहूनही कमी वाढला, तरी जोर दहापट झाला. घर्षणामुळे प्रत्यक्षात यातला काही भाग जातो, म्हणून गरजेपेक्षा निदान पावपट जास्त जोर हाती ठेवावा.

आता खर्च. क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक म्हणजे आतली जागा. तिला खऱ्या दाबाने गुणले की वातावरणातली किती हवा खर्च झाली ते कळते. ५० मिमी बोअर आणि २०० मिमी स्ट्रोकच्या सिलिंडरची जागा ३९३ मिलिलिटर. काटा ५, म्हणजे खरा दाब ६. एकदा बाहेर जायला २.३६ लिटर, जाऊन परत यायला साधारण पावणेपाच लिटर. परतीच्या बाजूला दांड्याची जाडी जागा अडवते म्हणून खर्च किंचित कमी होतो. तो फरक आपण सोडून देऊ. असा सिलिंडर मिनिटाला ६ वेळा हलवायचा तर २८ लिटर हवा लागेल. आपला पंप त्या दाबाला देतो १० लिटर. हा बेत कागदावरच सोडून द्यावा.

६. एक पूर्ण उदाहरण: गरुडाचे पंख

हलते देखावे हा महाराष्ट्राच्या गणेशोत्सवाचा जुना आणि लाडका भाग आहे, आणि छोट्या कॉम्प्रेसरला याहून चांगले काम सापडणार नाही. समजा, घरच्या गणपतीपुढे थर्माकोलऐवजी पुठ्ठ्याचा आणि बांबूच्या कामट्यांचा गरुड करायचा आहे. त्याने दर १० सेकंदांनी एकदा पंख उचलून खाली आणायचे. पंखांचे वजन सगळे मिळून दीड-दोन किलो.

सिलिंडर २० मिमी बोअर आणि ५० मिमी स्ट्रोकचा घेऊ. काटा ३ बार. जोर साडेनऊ किलोच्या आसपास. पंख कडीला टांगून तरफेने उचलताना दांड्याची थोडी चाल मोठ्या चालीत बदलते आणि जोर त्याच प्रमाणात घटतो. चाल तिप्पट झाली तरी तीन किलो उरतात. काम होईल.

जागा १५.७ मिलिलिटर, खरा दाब ४, म्हणून एका दिशेला ६३ मिलिलिटर आणि जाऊन-येऊन साधारण पाव लिटरच्या निम्मी हवा. मिनिटाला ६ फेरे, म्हणजे खर्च पाऊण लिटर. पंप देतो १० लिटर. इथे पंप गरजेच्या कितीतरी पट मोठा आहे.

आता १० लिटरची टाकी जोडू. दाब ६ बारवर गेला की पंप बंद, ४ वर आला की सुरू. ६ वरून ४ वर येईपर्यंत टाकी २० लिटर हवा देते. मिनिटाला पाऊण लिटर या खर्चाने ती सुमारे २६ मिनिटे पुरते. पुन्हा भरायला पंपाला २ मिनिटे लागतात. दर अर्ध्या तासात दोन मिनिटे चालणारा पंप तापत नाही, त्याचा आवाज आरतीत आडवा येत नाही आणि दहा दिवस तो सहज टिकतो. टाकी नसती तर तोच पंप सलग चालत ठेवावा लागला असता आणि पहिल्याच संध्याकाळी तो भाजून निघाला असता.

७. जोडणीचा क्रम

भाग कोणत्या क्रमाने यावेत याला कारणे आहेत, म्हणून प्रत्येकाचे काम समजून घेऊ.

पंपातून निघालेली हवा गरम असते, म्हणून पहिली नळी उष्णता सोसणारी, जाळीदार आवरणाची असावी. तिच्यापुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह येतो. पंप थांबल्यावर टाकीतली हवा मागे पंपात शिरू नये हे त्याचे काम. छोटी मोटर भरलेल्या दाबाविरुद्ध सुरू होताना अडखळते, म्हणून पंप आणि या व्हॉल्व्हमधल्या नळीतली हवा पंप थांबताच सोडून देणारा प्रेशर स्विच घेतला तर उत्तम.

मग टाकी. टाकीला गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह, तळाला पाणी काढायची तोटी आणि प्रेशर स्विच हे चारही हवेतच. टाकीनंतर हाताने बंद करायचा बॉल व्हॉल्व्ह. कुठेही बिघाड दिसला की आधी हात इथे गेला पाहिजे. त्यापुढे फिल्टर आणि रेग्युलेटर. टाकीत दाब ४ ते ६ बार असा वर-खाली होत राहिला तरी रेग्युलेटर पुढे एकसारखे ३ बार देतो, म्हणून पंखांची चाल दिवसभर सारखी राहते.

शेवटी विजेच्या इशाऱ्यावर हवेची वाट बदलणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. दोन्ही दिशांना हवेनेच सरकणाऱ्या दुहेरी सिलिंडरला पाच-दोन जातीचा लागतो: पाच तोंडे, दोन अवस्था. एका अवस्थेत हवा दट्ट्याच्या मागे जाते आणि पुढची बाहेर सुटते, दुसऱ्या अवस्थेत उलट. हा व्हॉल्व्ह घेताना दुकानदाराला एक गोष्ट आवर्जून विचारावी: याला कमीत कमी दाब किती लागतो? पुष्कळ व्हॉल्व्ह आत जाणाऱ्या हवेच्याच बळावर सरकतात आणि दीड-दोन बारच्या खाली नुसते ‘टक्’ वाजतात, हलत नाहीत. सिलिंडरच्या दोन्ही तोंडांना फ्लो कंट्रोल लावला की पंख झटका न देता संथ उघडतात.

नळी ६ मिमीची पीयू पाइप आणि पुश-फिट कनेक्टर पुरेत. पाइप सरळ काटकोनात कापावा. तिरका काप गळतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी. सगळे जोडून झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावावे. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती आहे, आणि छोट्या पंपाला गळती परवडत नाही. हे सुटे भाग पनवेलच्या दुकानांत मिळाले नाहीत तर हार्बर लोकलने मशीद स्थानकावर उतरून नागदेवी स्ट्रीट गाठावी.

८. टाकी: इथे तडजोड नको

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. पंप बिघडला तर पैसे जातात. टाकी फुटली तर माणूस जातो.

१० लिटरच्या टाकीत ७ बारला साठलेली ऊर्जा सुमारे ९,००० ज्यूल असते. ५० किलोचे वजन १८ मीटरवरून, म्हणजे साधारण सहाव्या मजल्यावरून खाली पडले तर आदळताना जेवढी ऊर्जा सुटते तेवढी. ती एका क्षणात, पत्र्याच्या तुकड्यांसह सुटते. म्हणून टाकी हवेसाठीच बनवलेली, जिच्यावर कमाल दाब कोरलेला आहे अशी घ्यावी. आपण ६ बार वापरणार असू तर टाकी १० बारची असावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ७-८ बारला सुटणारा.

ट्रकच्या ब्रेकची जुनी टाकी हा हौशी लोकांचा आवडता पर्याय. ती मुळात हवेसाठीच घडवलेली असते हे खरे, पण भंगारात ती का आली हे विचारायला हवे. ब्रेकच्या टाकीत पाणी साचते आणि ती आतून गंजते. बाहेरचा रंग धडधाकट दिसला तरी आतला पत्रा पातळ झालेला असू शकतो. अशा टाकीची पाण्याने दाबचाचणी केल्याशिवाय ती वापरू नये. टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही आणि प्लंबरकडे असतो त्या हातपंपाने दाब वापराच्या दीडपट न्यायचा. पाणी जवळजवळ दबतच नाही, म्हणून हवेत जिथे हजारो ज्यूल साठतात तिथे पाण्यात दोन-तीनच साठतात. टाकी कच्ची असेल तर ती फक्त पाझरते आणि काटा खाली येतो. हवेने अशी चाचणी कधीही करू नये. चाचणीत उत्तीर्ण झालेल्या टाकीवरही वेल्डिंग करू नये.

काही वस्तू टाकी म्हणून हाती लागतात, पण त्यांना हात लावू नये. घरगुती गॅसचा सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो. तो असा वापरणे बेकायदा आहे आणि आत उरलेला गॅस स्फोटक असतो. नळकामाचा पीव्हीसी पाइप पाण्याला चांगला, पण दाबलेल्या हवेखाली तो काचेसारखा फुटून तुकडे उडतात. रंगाचे डबे आणि शीतपेयाच्या बाटल्या यांचा विचारही करू नये.

९. उष्णता, पाणी आणि वीज

हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचे बूड हाताला गरम लागते ते यामुळेच. ७ बारपर्यंत झटकन दाबलेल्या हवेचे तापमान हिशेबाने २५० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. पंपाचे डोके त्यातली बरीच उष्णता शोषून घेते आणि म्हणून स्वस्त पंपांवर ‘१० किंवा १५ मिनिटे चालवा, मग थांबा’ असे लिहिलेले असते. ती सूचना पाळावी. आतली प्लास्टिकची रिंग आणि रबर एकदा भाजले की पंप फिरतो, पण दाब धरत नाही.

पाणी हा पनवेलसारख्या दमट गावाचा खास प्रश्न. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. ती हवा टाकीत दाबून थंड झाली की त्यातले २० ग्रॅम पाणी होऊन तळाला बसते. १,००० लिटर हवेमागे चार चमचे पाणी. टाकी आडवी असली तर तोटी सर्वांत खालच्या बाजूला यावी आणि दिवसाचे काम संपल्यावर दाब थोडा असतानाच ती उघडून पाणी काढून टाकावे. हे न केल्यास टाकी गंजते आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह चिकटतो.

विजेचे गणित सोपे आहे. पंप १२ व्होल्टवर साधारण १० ते १५ अँपिअर घेतो, सुरू होताना त्याहून जास्त. म्हणून १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय निदान २० अँपिअरचा असावा. मोबाइल किंवा राउटरचा अ‍ॅडॉप्टर इथे कामाचा नाही. प्रेशर स्विचमधून हा सगळा करंट नेण्याऐवजी गाडीच्या हॉर्नला लावतात तसला रिले मध्ये घालावा, वायर जाड घ्यावी आणि फ्यूज विसरू नये.

१०. काय झेपते आणि काय झेपत नाही

झेपते ते असे. २५ मिमीपर्यंतच्या बोअरचे, मिनिटाला काही वेळाच हलणारे सिलिंडर; देखाव्यातल्या आकृती; आपोआप उघडणारे छोटे दार; शाळेच्या प्रदर्शनातली वस्तू उचलून ठेवणारी यांत्रिक भुजा. १५ ते ३० पीएसआयवर चालणारा, चित्रकलेचा एअरब्रशही टाकीच्या आधाराने छान चालतो.

झेपत नाही ते म्हणजे सतत वाहणारी हवा मागणारे काम. पनवेलहून महामार्गाने पुढे गेले की पेण लागते. तिथल्या मूर्तिशाळांत रंगाचे मोठे हात स्प्रे-गनने दिले जातात. डोळ्यांची आखणी मात्र कसबी हात कुंचल्यानेच करतात. ती स्प्रे-गन पाहून घरी तसे करायचा मोह होतो. रंगकामाच्या मोठ्या गनला मिनिटाला शंभर लिटरच्या पुढे हवा लागते. गाडीचे नट खोलणारे इम्पॅक्ट रेंच, ग्राइंडर, वाळूचा मारा ही सगळी याच जातीची कामे. त्यांना एक-दोन अश्वशक्तीचा, टाकीसह मिळणारा कॉम्प्रेसरच हवा.

मधला एक मार्ग म्हणजे जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. तो अतिशय शांत चालतो आणि दाबही भरपूर देतो. पण तो २३० व्होल्टवर चालतो, हवेबरोबर तेल बाहेर टाकतो आणि नव्या फ्रिजांमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील गॅस असतो. नळी स्वतः कापू नये. गॅस काढण्याचे काम फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्यावे.

११. हात आणि डोळे

हवा दिसत नाही, म्हणून तिची भीती वाटत नाही. काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच. सुटलेली नळी चाबकासारखी फिरते, म्हणून जोडणी बदलण्याआधी बॉल व्हॉल्व्ह बंद करून पुढची हवा सोडून द्यावी. हलणाऱ्या दांड्याच्या वाटेत बोट येईल अशी जागा झाकावी, विशेषतः देखावा पाहायला लहान मुले येणार असतील तेव्हा.

दाबलेल्या हवेने अंगावरची धूळ झाडू नये. अमेरिकेत कारखान्यांतल्या साफसफाईसाठीसुद्धा ३० पीएसआयपेक्षा कमी दाबाचा नियम आहे, तोही पुरेशा आडोशासह. आणि हवेची नळी कोणाच्या शरीराला लावून मस्करी करू नये. अशा मस्करीत आपल्या देशात कामगारांचे जीव गेले आहेत. शरीराच्या आत शिरलेली हवा आतडे फाडते. घरात मुले या प्रकल्पात हात घालणार असतील तर त्यांना पहिल्या दिवशी, पंप सुरू करण्याआधी हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

१२. खरेदीला निघण्याआधी

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर चार आकडे मांडा: किती किलो जोर हवा, किती मिलिमीटर चाल हवी, मिनिटाला किती फेरे, आणि या तिन्हींवरून निघालेला हवेचा खर्च. तो खर्च आपल्या पंपाच्या मोजलेल्या पुरवठ्याच्या पाव भागाच्या आत असेल तर हजार-दोन हजार रुपयांच्या पंपावर निश्चिंतपणे काम करा. निम्म्याच्या पुढे जात असेल तर बोअर कमी करा, फेरे कमी करा किंवा मोठा कॉम्प्रेसर भाड्याने आणा. पंपावर वाचवलेले पैसे टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांवर खर्च करा. या दोन वस्तू स्वस्तात घेऊ नका. एवढे पाळलेत तर चाकात हवा भरणारा तो छोटा पंप तुम्हाला न्यूमॅटिक्सचे सगळे मूलभूत धडे घरबसल्या देईल, आणि कारखान्यातल्या हवेच्या लाइनसमोर उभे राहाल तेव्हा तिथले एकही यंत्र तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.